चीजचं विरजण

शनिवारी सकाळी छबूबाईंनी फ्रिज उघडला, तर चीज पुन्हा वाढलेलं.

त्यांनी डबा ओट्यावर ठेवला आणि दोन पावलं मागं सरून त्याच्याकडे बघितलं. काल रात्री तळाशी चार वड्या होत्या. आता डबा काठोकाठ.

हे चीज आलं नातवाच्या, मल्हारच्या वाढदिवसाला. सून सोनल तव्यावर पिझ्झा करणार होती, म्हणून बारामतीहून हॉटेलवाले नेतात तसला अख्खा ठोकळा घेऊन आली. छबूबाईंचे मालक सावळाराम यांनी ताट बाजूला सारलं. "आमच्याच म्हशीचं दूध न्यायचं, त्याचा साबण करायचा, आन परत आमालाच इकायचा! मी मेलो तरी ह्याला तोंड लावणार न्हाय." सगळ्या भावकीसमोर बोलले. भावकीनं माना डोलावल्या आणि पिझ्झा मागून घेतला.

तरी ठोकळा उरला तो उरलाच. आणि छबूबाईंच्या घरात उरलेलं टाकत नसत. शिळ्या भाकरीचा कुस्करा, पोळीचा लाडू, भाताला फोडणी. अख्ख्या कोऱ्हाळे गावात त्यांचं त्यासाठी नाव होतं.

"आत्या, हे न्हाय जमायचं तुमाला," सोनल म्हणाली. "रविवारपर्यंत सरलं तर मी ओव्हनचं नाव काढणार न्हाय. उरलं, तर त्या कोपऱ्यात माझा ओव्हन."

त्या कोपऱ्यात छबूबाईंचा खलबत्ता होता. लग्नात माहेरहून आलेला, सुनेच्याही आधीपासून घरात असलेला. छबूबाईंनी पदर खोचला, ठोकळ्याच्या खरवसासारख्या वड्या पाडल्या आणि स्टीलच्या डब्यात भरल्या.

पहिल्या दिवशी पिठल्यात किसून घातलं. वास दबावा म्हणून लसूण जास्त. सावळाराम जेवायला बसले. ह्या माणसानं उभ्या संसारात जेवण चांगलं झालंय असं एकदाही म्हटलं नव्हतं. मीठ कमी असलं तर बोलायचं, नसलं तर गप. त्या दिवशी त्यांनी पिठलं परत मागितलं. मग बोटं चाटली. मग विचारलं, "काय घातलंयस गं ह्यात?"

छबूबाईंनी पिठल्यावर झाकण घातलं. "काय घालणार? न्हेमीचंच."

"झकास झालंय."

छबूबाई उठून मोरीत गेल्या आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासत बसल्या.

मग थालीपिठात घातलं. भरल्या वांग्यात कुटाच्या जोडीनं घातलं. सावळाराम रोज तेच विचारायचे, रोज तेच उत्तर मिळायचं, आणि रोज झकास. छबूबाई आळीतून जरा ताठ चालायला लागल्या. फक्त डबा सरेना. रात्री तळाशी गेलेलं चीज सकाळी वर आलेलं असायचं.

आधी संशय सोनलवर. पण ती मल्हारला घेऊन माहेरी, कळसला गेली, तरी डबा भरलेला. मुलगा अजित साखर कारखान्यात. गाळप सुरू असल्यामुळं त्याला घरातला फ्रिज कुठं आहे हेही आठवत नव्हतं. सावळारामांचा तर प्रश्नच नव्हता. ते साबण खात नव्हते.

त्या शनिवारी डब्याकडे बघता बघता छबूबाईंना एकदम उलगडलं. दही! भांड्यात चमचाभर दही ठेवून वर दूध ओतलं की सकाळी भांडंभर दही. चीजही शेवटी दुधाचंच. आपणच रोज तळाशी चार वड्या ठेवतोय, म्हणजे रोज आपल्याच हातानं विरजण लावतोय की! दूध कुठून येतंय एवढाच प्रश्न उरला होता, पण तो त्यांनी फ्रिजवर सोडला.

त्यांनी विरजण मोडायचं ठरवलं. सकाळी धपाटे, दुपारी आमटी, संध्याकाळी खिचडी, सगळ्यांत चीज. सावळाराम जेवून भिंतीला टेकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. तळाचा चुरा शेजारच्या गेणूची मांजर मागत होती, तिलाही दिला नाही. स्वतः खाल्ला. त्यांना काही आवडला नाही. मग डबा कढत पाण्यानं धुतला, पुसला आणि सोनलला दाखवायला रिकामाच फ्रिजमध्ये ठेवला.

रविवारी सकाळी सोनल एसटीनं यायची होती. छबूबाई मागच्या दारी भांडी घासत होत्या. तेवढ्यात सावळाराम डेअरीवर दूध घालून आले. चप्पल हातात. त्यांनी फ्रिजमधला डबा काढला. रिकामा बघून चेहरा असा केला, जसा म्हैस आटल्यावर करत. मग दुधाची रिकामी किटली उघडून आतून चीजची दोन पाकिटं काढली, दातानं फाडली, चंचीतला अडकित्ता घेतला आणि वड्या पाडायला बसले. एकसारख्या. छबूबाईंच्या वड्यांहून एकसारख्या.

छबूबाई राखेच्या हातानं दारात उभ्या राहिल्या. समोर कोपऱ्यात खलबत्ता दिसत होता.

"आवं, काय घालताय डब्यात?"

अडकित्ता थांबला. सावळारामांनी मागं न बघता हळूच झाकण लावलं.

"काय घालणार? न्हेमीचंच."

पुढचं फाटक वाजलं. "आत्या!" सोनल अंगणातूनच ओरडली. "सरलं का?"

छबूबाईंनी हात धुतले. नवऱ्याच्या हातातला डबा घेतला, फ्रिजमध्ये नीट आत सरकवला.

"न्हाय बाई सरलं," त्या म्हणाल्या. "चप्पल काढ, आन खलबत्ता उचलायला हात लाव."