सहीखालची सही

दत्तोपंतांनी अर्ज हातात घेतला, पण आकारामला बसा म्हटलं नाही.

पीएच.डी.च्या नोंदणीचा अर्ज होता. शुक्रवारच्या आत तो पुण्याला विद्यापीठात पोचायला हवा होता, आणि त्याआधी त्यावर मार्गदर्शकाची सही हवी होती. मराठीला मार्गदर्शक म्हणून मान्यता असलेले कोल्हापुरात एकटे दत्तोपंतच. आकारामची ही चौथी खेप. आधीच्या तिन्ही वेळा त्यांच्या पत्नीनं, माईंनी, खिडकीतूनच 'घरात नाहीत' म्हणून सांगितलं होतं, आणि तिन्ही वेळा आतला खोकला त्याला ऐकू आला होता. आज त्यानं त्यांना जिन्यातच गाठलं होतं आणि त्यांच्या मागोमाग तो आत आला होता.

"विषय?" अर्जावर लिहिलेलाच विषय दत्तोपंतांनी विचारला.

"कागल भागातल्या जात्यावरच्या ओव्या. सर, एकट्या माझ्या आईच्याच सातशे हायत... आहेत."

"माझ्याकडे चार हजार होत्या. अठरा वर्षं लागली जमवायला."

अठ्ठेचाळीस साली, गांधीजींच्या खुनानंतर कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं पेटली, त्यात दत्तोपंतांचंही घर गेलं. तेव्हापासून ते आणि माई या भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते. त्या साली आकाराम त्यांच्याच वर्गात शिकत होता. तेव्हा ते त्याला 'अरे' म्हणायचे.

"कागद चटकन जळतो असं लोकांना वाटतं," दत्तोपंत म्हणाले. "गठ्ठे बांधलेले असले की जळत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धुमसत होते."

त्यांनी अर्ज उलटला. मागच्या बाजूला, आकाराम ज्या हायस्कुलात शिकवत होता त्या संस्थेचा ना-हरकत दाखला होता. खाली अध्यक्षांची, गणपतरावांची, लफ्फेदार सही. तिच्या खालची चौकट मार्गदर्शकासाठी कोरी.

दत्तोपंतांचं बोट तिथं थांबलं.

"या सहीखाली मी सही करायची?"

"सर, छापील फॉर्म हाय. जागाच तिथं..."

"आहे म्हणा. पीएच.डी. करायला निघालात."

आकारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. कागलपासून मोटारीत बसून तो हेच मनाशी घोकत आला होता.

"खटला झाला होता या माणसावर. सुटला. का सुटला?"

"साक्षीदार मिळाला न्हाय."

"तुम्ही कुठं होता त्या दिवशी?"

खोलीवरच होतो, असं म्हणता आलं असतं. आईलाही त्यानं तेच सांगितलं होतं. भिंतीला एकच फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर सहा-सात पुस्तकं. जुन्या घरात पुस्तकांच्या थप्प्यांतून वाट काढत बसावं लागायचं.

"गल्लीच्या तोंडाला हुतो," तो म्हणाला.

"काय पाहिलंत?"

"गणपतरावांच्या हातात रॉकेलचा डबा हुता. माडीवर तेच चढले."

"आणि तुम्ही?"

"बघत हुतो."

स्वयंपाकघरात एक भांडं पडलं. ते उचलल्याचा आवाज काही आला नाही.

दत्तोपंतांनी टेबलावरचा कोरा कागद पुढं सरकवला. त्यावर टाक ठेवला.

"लिहा."

"सर, माझी नोकरी जाईल. त्यांच्या सहीवर पगार हाय माझा."

"संशोधन म्हणजे काय हो? पाहिलं ते लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. तेवढं जमत नसेल तर ओव्या आईकडेच राहू द्या. ती म्हणते आहे तेवढं पुरे."

आकारामचं डोकं फिरलं.

"त्या चार हजार ओव्या तुमच्या नव्हत्या, सर. आमच्या आयाबायांच्या हुत्या. तुमचं घर जळलं, त्याचा खटला तरी झाला. त्यांचं जळलं, ते कुणी लिवायचं?"

दत्तोपंतांनी पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती.

"तुम्ही. त्यासाठीच सही मागताय ना?"

आकारामनं उभ्यानंच, टेबलावर वाकून लिहिलं. अकरा ओळी झाल्या. खाली पूर्ण नाव, गाव, तारीख.

दत्तोपंतांनी कागद दोनदा वाचला. मग लाल पेन्सिल घेतली आणि सहाव्या ओळीतली एक वेलांटी दुरुस्त केली. मग अर्ज ओढून घेतला आणि चौकटीच्या अगदी तळाला, गणपतरावांच्या सहीपासून जमेल तितकी लांब, आपली सही केली.

"शाई वाळू द्या, मग घडी घाला."

अकरा ओळींचा कागद त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

"पोलिसांत देणार?" आकारामनं विचारलं.

"कधी द्यायचा ते मी ठरवीन. प्रबंधाला तीन वर्षं लागतील तुम्हाला. पहिलं प्रकरण दिवाळीनंतर आणा. शुद्धलेखन बघून आणा."

आकारामनं वाकून नमस्कार केला. दत्तोपंतांनी पाय मागं घेतले.

तो बाहेर जिन्यात आला. अर्ज शर्टाच्या आत, छातीशी धरलेला होता. तीन पायऱ्या उतरला असेल, तोच मागं आतून एक कडी लागली. मग दुसरी. मग काहीतरी जड, पत्र्याची ट्रंक असावी, दोघांनी मिळून दारापर्यंत फरफटत आणल्याचा आवाज आला.

बाहेर लख्ख दुपार होती.