खांड

बांध फुटला तेव्हा स्वप्निल जेवायला बसत होता. सर्वपित्री अमावास्येची दुपार, उधाणाची भरती. शेजारच्या कृष्णाबाईनं दारातूनच सांगितलं, खाडी शेतात शिरलीय. तो ताटावरून तसाच उठला.

बांधाला पडलेली खांड पुरुषभर रुंद झाली होती. गढूळ पाणी आत लोटत होतं. दीड एकरातलं भात नुकतंच निसवलेलं. त्याच्या लोंब्यांपर्यंत पाणी चढत होतं. स्वप्निलची आई, ठमाबाई, बांधावर बसली होती. मांडीवर कुदळ, कोपरापर्यंत चिखल. एकटीनं बुजवायला गेली असणार आणि थकली, असं त्याला वाटलं.

त्यानं चिखलाचे गोळे टाकायला सुरुवात केली. पाणी ते वाहून नेत होतं.

एके काळी हा बांध अख्खं गाव मिळून राखायचं. खांड पडली की माणसं हातातलं काम टाकून धावायची. पण गेल्या चार वर्षांत आजूबाजूची शेतं गोदामांच्या कंपनीनं घेतली. ती पडीक झाली, माणसं न्हावा शेव्याकडे कामाला लागली. स्वप्निलही कंटेनर यार्डातच होता. ठमाबाई मात्र दर उधाणाआधी बांधावर यायची, खेकड्यांची बिळं बुजवायची. लोक हसायचे. शेवटी तिलाही पटलं असावं, कारण मागच्या आठवड्यात ती कंपनीच्या खरेदीखतावर सही करायला एका शब्दात तयार झाली. परवा उरणला रजिस्ट्रेशन होतं.

त्यानं आईला दगड पुढे करायला सांगितलं. ती जागची हलली नाही.

मग त्यानं कंपनीच्या अजेयला फोन लावला. भातापायी तो इतका घाबरेल, असं स्वप्निलला वाटलं नव्हतं. जेसीबी लगेच पाठवतो म्हणाला.

"काहीही करून पाणी अडवा," अजेय म्हणाला. "खारं पाणी राहिलं की तिवर, म्हणजे खारफुटी, उगवतात. तिवर उगवले की कायद्यानं तिथं वीटही ठेवता येत नाही, ना आम्हाला, ना तुम्हाला. तुमच्या आईंना मी मागच्या आठवड्यात नीट समजावलं होतं."

स्वप्निलनं फोन खिशात ठेवला. खांडीच्या उरलेल्या कडेवर कुदळीचे घाव सरळ, ताजे दिसत होते. तो आईकडे वळला.

"आये," तो म्हणाला, "तू फोडलास?"

"व्हय."

"भात मेलं आपलं."

"मेलं." तिचा आवाज फाटला. "माझ्या हातानं लावलेलं. पन त्यांची गोदामं आली असती, तर हितं गाव व्हतं ह्ये कुनाला कळलं असतं? आता तिवर येतील. खाडी येईल. दुसरं कोन न्हाय येनार."

पुढल्या वर्षी खायचं काय, ते त्यानं विचारलं. तिला ठाऊक नव्हतं, आणि तसं तिनं सांगितलं. सही करायला का तयार झालीस, तेही विचारलं. तुम्ही सगळ्यांनी गप्प बसावं म्हणून, ती म्हणाली. मग तिनं पदर तोंडाला लावला. तिला असं रडताना त्यानं बाप गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं.

पाण्यात लोंब्या दिसेनाशा झाल्या. फक्त वरची पाती हलत राहिली.

फोन वाजला. जेसीबीवाला प्रज्योत गावाच्या फाट्यावर उभा होता. बांधाकडे कुठला रस्ता जातो, विचारत होता.

स्वप्निलनं हातातला चिखलाचा गोळा खाडीत टाकला.

"परत जा," तो म्हणाला. "खांड बुजली."