गुरुवारी, बेथेलमध्ये

हवालदार टोपी काढून दारात उभा राहिला तेव्हा एम्लिन दूधभात ढवळत होता. खाली लागू देऊ नकोस, असं नेस्टा जाताना बजावून गेली होती.

"नेस्टा गेली," हवालदार म्हणाला. "हृदय बंद पडलं. बेथेलमध्ये."

"बेथेल चर्च बंद होऊन सहा वर्षं झाली."

"हो. म्हणजे आता तिथे पब आहे ना, त्या पबात."

एम्लिनने गॅस बंद केला. हवालदार घर चुकला असावा, असंच त्याला वाटलं.

नेस्टा आणि पब! दारूला शिवणार नाही अशी शपथ तिने लहानपणी त्याच चर्चमध्ये घेतली होती. लग्न ठरलं तेव्हा एम्लिनलाही सोडायला लावली. पुढे माणसं कमी होत गेली, इमारत विकली गेली आणि प्रवचनाच्या चौथऱ्यावर बिअरचे नळ आले. तेव्हापासून ती त्या रस्त्याने जाताना पलीकडच्या कडेने चालायची. "मी मेलो की मला तिथूनच न्या," एम्लिन एकदा गमतीत म्हणाला होता. "नंतर प्यायला कुणाला लांब जायला नको." त्यावर दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती.

दर गुरुवारी ती बहिणीकडे विणकामाला जाते, असं तो समजत होता.

सोमवारी शहरातल्या दहनगृहात तिला निरोप दिला. चहाच्या वेळी मागच्या बायकांचं बोलणं त्याच्या कानावर आलं. चोरून पीत होती म्हणे. त्याने मेव्हणीकडे पाहिलं. "मला काही विचारू नकोस," ती म्हणाली आणि कपबश्या गोळा करू लागली.

आयुष्यभर आपण कुणाबरोबर राहिलो, हे त्याला कळायला हवं होतं. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी त्याने सूट घातला. पॅंट नेस्टाने नुकतीच कमरेत आवळून दिली होती, तरी ती सैल होत होती. पोटातल्या अल्सरमुळे अन्न अंगी लागत नव्हतं. डॉक्टरांची लांबण त्याला सोसत नसे. तपासून झालं की तो बाहेर येऊन बसायचा, बाकीचं नेस्टा ऐकून घ्यायची. बरं व्हायला वेळ लागतो, एवढं ती सांगायची आणि तेवढं त्याला पुरायचं.

पबचं दार तेच होतं, फक्त नवा रंग दिलेला. तो आत आला तसं बोलणं थांबलं. खाणीतला त्याचा जोडीदार हँडेल उठून उभा राहिला.

"ये, शेकोटीजवळ बस. दारात गार लागेल."

"मला काय धाड भरलीय?" एम्लिन म्हणाला. "गेली ती. मी नाही."

हँडेल खाली बघू लागला. पबचा मालक गेथिन बारमागून बाहेर आला. तो याच गावात वाढलेला. लहानपणी नेस्टाने त्याला रविवारच्या शाळेत शिकवलं होतं.

"काय देऊ, काका? दूध गरम करून देऊ?"

"पबात दूध? माझी थट्टा करतोस का रे?"

"नाही हो. मावशी म्हणाल्या होत्या, तुम्हाला दुसरं काही सोसत नाही."

"ती काय प्यायची, ते सांग आधी."

"गरम पाणी. त्यात थोडं काळ्या मनुकांचं सरबत. बाकी थेंबसुद्धा नाही. पहिल्या दिवशी तर ग्लास स्वतः धुऊन घेतला त्यांनी. माझ्या धुण्यावर भरवसा नव्हता."

कुणीतरी हसलं. एम्लिनच्या छातीवरचं ओझं जरा हललं.

"मग करायची काय इथे?"

"आम्हाला छळायची," हँडेल म्हणाला. "एक स्तोत्र बसवून घेत होती. मास्तरीण कुठली! दुसऱ्या कडव्यात चुकलो की पहिल्यापासून. आणि तोवर ग्लासाला हात लावायचा नाही."

"आणि त्या कोपऱ्यापासून दारापर्यंत टेपने मोजायच्या," गेथिन म्हणाला. "टेबलं भिंतीला लावली तर शवपेटी घेऊन सहा जणांना वळता येतं."

 एम्लिनचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हणजे तिला ठाऊक होतं. हृदयाचं. आपल्या जुन्या चर्चमधून जायचं होतं तिला, आणि मला बोलली नाही. पण तुम्हाला माहीत होतं ना? मग सोमवारी सगळे तोंड शिवून का बसलात? एकाला तरी गावंसं वाटलं नाही?"

तो जोडीदाराकडे वळला.

"हँडेल, तुला विचारतोय."

"ते गाणं तिच्यासाठी नव्हतं, लेका."

"मग कुणासाठी?"

हँडेलने गेथिनकडे पाहिलं. "खर्ज कमी पडतो म्हणायची," तो पुटपुटला. "एम्लिनचा आवाज नसणार, म्हणून तुम्ही जोर लावा, असं सांगायची."

"मी का नसणार?"

गेथिन खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसला. हातातलं फडकं तो घडी घालत होता, उलगडत होता.

"बिअरसुद्धा सांगून ठेवलीय त्यांनी," तो म्हणाला. "एक पिंप. मी म्हटलं, मावशी, तुम्ही आणि बिअर? तर म्हणाल्या, गमतीत का होईना, पण त्याने मागितलं होतं."

एम्लिनचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला.

"सगळं ठरवून गेल्या त्या, काका," गेथिन म्हणाला. "तारीख तेवढी राहिलीय."