ताकदीची गोळी

नातवाला कडेवर घेतलेलं असतानाच फुलाबाईंना घेरी आली, तेव्हापासून त्यांच्या सुनेच्या, कल्याणीच्या जिवाला घोर लागला. खच्चून भरलेल्या जीपमधून ती नारायणगावला गेली आणि मेडिकलवाल्याशी हुज्जत घालत, बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचत, खास म्हाताऱ्या माणसांसाठीच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊन आली. एक बाटली संपली, दुसरीही संपली; फुलाबाईंचे पाय मात्र लटपटायचे ते लटपटतच होते.

"आत्या, रोज घेताय ना? मग गुण कसा येत नाही?" कल्याणी वैतागलीच.

"गुण न्हाई कसा? ही चरवी बघ की!" दुधानं काठोकाठ भरलेली चरवी सावरत फुलाबाई हसल्या.

"चरवीचा आणि गोळ्यांचा काय संबंध?" कल्याणीनं विचारलं.



"एकटीनं खाऊन काय उपेग, पोरी? म्हशीच्या पेंडीत घालते, म्हंजी दुधातनं समद्यांनाच मिळतंय!"