ताजं की लगेच

‘ताजं उत्तर हवं, की लगेच?’ पडद्यानं नेहमीसारखं विचारलं.

हेमांगीच्या वारलेल्या आईचं मन तीन शहरांतल्या यंत्रांत जपलेलं होतं. तिन्ही प्रतींनी एकमेकींना विचारून दिलेलं उत्तर ताजं. पण त्याला तासभर लागे. ‘लगेच’ म्हटलं, की जवळची एकच प्रत इतरांना न विचारता बोले. हेमांगीनं मुद्दाम ‘लगेच’ दाबलं. वडिलांनी सकाळीच प्राण सोडला होता. भावानं ते नागपूरच्या प्रतीला सांगूनही टाकलं होतं. जवळच्या, सोलापूरच्या प्रतीपर्यंत बातमी अजून पोचली नसणार, असं हेमांगीनं धरलं होतं.

“ह्यांनी गोळी घेतली का गं?” आईनं विचारलं.

“घेतली.”

आई म्हणाली, “मला कळलंय, बाळा. तुला एकदा ‘घेतली’ म्हणता यावं, म्हणून विचारलं.”