भोकं

हिरवळ राखायच्या धंद्यात लोंढेबाईंनी या आठवड्यात भोकं पाडायचं काम वाढवलं. "मुळांना हवा लागते, साहेब," असं सांगून त्यांनी घुमटातल्या सोसायटीचे चेअरमन पाटणकर यांना राजी केलं होतं.

मुळं वीतभरच खोल होती. बाईंचं गिरमिट मात्र थेट खालच्या वस्तीचं छत फोडून थांबलं. घुमटाबाहेर उन्हाळा साठ अंशांवर गेल्यापासून माळी, झाडूवाले सगळे तिथंच राहत, आणि वस्तीचा हवेचा पंखा चार दिवस बंद होता.

शेवटच्या भोकाला त्यांनी कान लावला. खालून नवरा म्हणाला, "शकू, येतंय गं वारं!"

मागून पाटणकर आले. "छान! आता वाळू भरा. कुणाचा पाय मुरगळायला नको."

"दोन दिवस राहू द्या, साहेब."

"तुमच्याच पत्रकात छापलंय, बाई. भोकं त्याच दिवशी वाळूनं गच्च बुजवून मिळतील." एवढं बोलून ते बाकावर बसले.

गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून ती ओळ बाईंनीच घातली होती. त्यांनी घमेलं उचललं आणि आपल्या घरापासून सगळ्यात लांबच्या भोकाकडे गेल्या. खालून एक म्हातारी म्हणत होती, "देव तुझं भलं करो, शकू."