पॅनेलमधले दोघे

२००१च्या खंडेनवमीला रांजणगावच्या एका कारखान्यानं कामगारांच्या घरच्यांना पूजेसाठी आत सोडलं. ईश्वरनं आईला आपल्या पत्रा दाबायच्या प्रेसचं पॅनेल उघडून दाखवलं.

"आई, ह्ये दोन प्रोसेसर म्हंजी प्रेसचा मेंदू. एक काम करतो, दुसरा नुसता तयार बसतो. पहिला बंद पडला की लगीच त्याची जागा घेतो. प्रेस थांबतच न्हाई."

रतनबाईनं आपल्या दोन लेकांना लावावं तसं दोघांनाही कुंकू लावलं.

चैत्रात ईश्वर त्याच प्रेसमध्ये सापडून गेला. प्रेस दुसऱ्या दिवशी सुरू झाला. तेरावा उरकल्यावर कंपनीनं माणुसकी दाखवली आणि त्याच्या जागी धाकट्या भरतला घेतलं. तोच प्रेस, तीच शिफ्ट.

पुढच्या खंडेनवमीला रतनबाई कुंकवाचा करंडा घेऊन पुन्हा आली. भरतनं पॅनेल उघडलं. आत एकाच प्रोसेसरचा दिवा लागलेला होता.

"दुसरा कुठाय रं?"

"जळाला. नवा परदेशातनं यायचाय. तवर ह्यो एकटाच ओढतोय. पर साहेब लई जपत्यात ह्याला. एसी लावलाय, दर तासाला कुणीतरी येऊन बघून जातं. ह्याच्यामागं आता कुणी न्हाई ना, आई."

रतनबाईचं कुंकवाचं बोट दिव्यापाशी थांबलं. मग तिनं ते भरतच्या कपाळाला टेकवलं.

"आन् तुला कोण बघून जातं?"